पॉवरशेलला वारशात मिळालेली यादी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोजच्या एकाच संगणकावर दोन पॉवरशेल शेजारी शेजारी नांदू शकतात: विंडोजबरोबर येणारे 5.1 आणि वेगळे बसवावे लागणारे 7. मॉड्यूल कुठे शोधायचे ते दोन्ही शेल ‘पीएसमॉड्यूलपाथ’ या एकाच नावाच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये पाहतात. त्यात अर्धविरामांनी तोडलेली फोल्डरांची यादी असते.

गैरसमज: दोन्ही शेल आपापली यादी कोऱ्या पाटीवर मांडतात.
वस्तुस्थिती: नवी प्रोसेस सहसा मूळ प्रोसेसची व्हेरिएबल्स घेऊनच सुरू होते. 5.1 मधून 7 उघडले तर 7 आपली फोल्डरे यादीत पुढे लावते. सहसा काही अडत नाही. 7 मधून थेट 5.1 उघडले, तर 7 आपली फोल्डरे गाळून यादी पुढे देते. मधे बॅच फाइल किंवा पायथनची स्क्रिप्ट आली, की ही गाळणी चुकते. मग ‘कन्व्हर्टटू-सिक्युअरस्ट्रिंग’सारखी रोजची कमांडही अडते: ती ‘मायक्रोसॉफ्ट.पॉवरशेल.सिक्युरिटी’ मॉड्यूलमध्ये सापडली, पण मॉड्यूल लोड झाले नाही, असा एरर येतो. तो वाचून विंडोजच पुन्हा टाकायला निघणारे कमी नाहीत. प्रत्यक्षात बिघडलेले काहीच नसते, 5.1 ला त्याच नावाचे, पण 7 साठी बनवलेले मॉड्यूल आधी सापडलेले असते.

गैरसमज: मॉड्यूलच्या अनेक प्रती असल्या तर सर्वांत नवी निवडली जाते.
वस्तुस्थिती: हे एकाच फोल्डरपुरते खरे. फोल्डर वेगवेगळे असतील तर यादीत जे आधी, त्यातली प्रत लागते. मागच्या फोल्डरात तिच्याहून नवी असली तरी.

गैरसमज: ‘-नोप्रोफाइल’ दिले की शेल कोरे मिळते.
वस्तुस्थिती: त्याने फक्त प्रोफाइलची स्क्रिप्ट टळते, वारशातली यादी तशीच राहते. बॅच फाइलमध्ये 5.1 ला हाक मारण्याआधी ‘सेट पीएसमॉड्यूलपाथ=’ ही ओळ, बरोबरच्या चिन्हापुढे काहीही न लिहिता, टाकावी. व्हेरिएबल नाहीसे होते आणि 5.1 आपली यादी नव्याने बांधते. हा बदल त्या प्रोसेसपुरता आणि तिने सुरू केलेल्या प्रोसेसपुरताच असतो.

गैरसमज: जादा फोल्डर कायमचा हवा, तर तो विंडोजच्या सेटिंगमध्येच लिहावा.
वस्तुस्थिती: तिथे लिहिलेले दोन्ही शेल वाचतात, त्यामुळे एकासाठी ठेवलेले मॉड्यूल दुसऱ्याच्याही वाटेत येते. प्रोफाइल मात्र दोघांची वेगळी: डॉक्युमेंट्समध्ये 5.1 ची ‘विंडोजपॉवरशेल’ फोल्डरात, तर 7 ची ‘पॉवरशेल’ फोल्डरात. एकाच शेलचा फोल्डर त्याच्याच प्रोफाइलमध्ये जोडावा. टास्क शेड्युलरमधली कामे बहुधा ‘-नोप्रोफाइल’ लावूनच चालवली जातात; त्यांच्या स्क्रिप्टमध्ये तो वेगळा जोडावा लागतो.