ब्रेकची रबरी नळी

मोटारीच्या ब्रेकचा विषय निघाला म्हणजे बहुतेक मालकांच्या डोळ्यांपुढे पायाखालचे पेडल आणि फार तर झिजलेले पॅड येतात; परंतु पायाचा दाब ज्या मार्गाने चाकापर्यंत जातो, त्या मार्गाचा अखेरचा वीत-दीड वीत लांबीचा तुकडा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरील पोलादी नळीला चाकाजवळच्या कॅलिपरशी जोडणारी रबरी नळी, ही वर्षानुवर्षे चिखलात माखून चाकाआड लपलेली असते आणि तिची विचारपूस करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कालने मांडले आणि अमेरिकेतील डुसेनबर्ग कारखान्याने १९२१ साली आपल्या प्रवासी मोटारीच्या चारही चाकांना त्याच तत्त्वावर चालणारे ब्रेक बसवले. तथापि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक खालीवर होणाऱ्या आणि वळणावळणाला डावीउजवीकडे फिरणाऱ्या चाकापर्यंत ताठ पोलादी नळी नेणे शक्य नाही. ती थोड्याच दिवसांत तुटेल. म्हणून शेवटच्या टप्प्यावर रबराची नेमणूक झाली, आणि संपूर्ण यंत्रणेतील अत्यंत जोखमीचे काम तिच्यातील सर्वांत मऊ भागाच्या वाट्याला आले.

हे रबर साधे नव्हे. आत ब्रेक ऑइलला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराची बारीक छिद्राची नळी, तिच्यावर चिवट धाग्यांची वीण, बहुधा दुहेरी, आणि सर्वांवर पुन्हा रबराचे जाड आवरण, अशी तिची रचना असते. जोराने ब्रेक दाबला असता तिच्या आत टायरमधील हवेच्या ३०-४० पट दाब निर्माण होतो, आणि तो मुख्यत्वे ही धाग्यांची वीणच सोसते. वीण कुजली किंवा तिच्यात पाणी शिरले, की नळी दाबाखाली फुगू लागते. मग पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि गाडी थांबायला नेहमीपेक्षा अधिक अंतर घेते. ऊन, इंजिनाची व ब्रेकची उष्णता, हवेतील ओझोन, आणि आपल्या कोकणपट्टीत खाऱ्या वाऱ्याने टोकाच्या पोलादी जोडांवर चढणारा गंज, हे सारे तिचे आयुष्य कमी करतात. गाडी कमी चालवली म्हणून नळी तरुण राहते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते.

तपासणी कठीण नाही, मात्र ती उजेडात आणि सावकाश व्हावी. गाडी सपाट जागी, जॅक-स्टँडच्या घोड्यांवर भक्कम उभी करून (केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली कदापि जाऊ नये) नळी फडक्याने पुसून घ्यावी, हळुवार वाकवून तिच्यावर भेगा दिसतात का ते पाहावे, आणि जोडांपाशी ओलावा आहे का, हे बोटाने चाचपावे. नंतर दुसऱ्या माणसाला पेडल जोराने दाबून धरण्यास सांगून नळीला कोठे फुगवटा येतो का हे न्याहाळावे. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून नळी टायरला घासते की काय, हेही पाहणे अगत्याचे. घासल्याची चकाकती खूण दिसली, तर नळी बदलण्यास दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

परंतु एक दोष असा आहे की, तो वरून मुळीच दिसत नाही, आणि चांगले जाणते मेस्त्रीही त्याच्यापाशी चकतात. नळीचे आतले अस्तर सुटून त्याची पापडी छिद्रात लोंबू लागते. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जाते, पण पाय उचलल्यावर ही पापडी त्याची परतीची वाट अडवते. परिणामी ते एक चाक धरून राहते, तापते, गाडी एका अंगाला ओढते, आणि बिचाऱ्या कॅलिपरवर ठपका ठेवून तो बदलला जातो. अशा वेळी चाक धरलेले असतानाच कॅलिपरवरील हवा काढण्याचा निपल किंचित सैल करावा. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता हे सिद्ध होते. नंतर निपल आवळून पेडल दाबावे; चाक पुन्हा धरले, आणि पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडून येणाऱ्या पोलादी नळीचा रबरी नळीशी असलेला जोड सैल करूनही ते सुटत नसेल, तर कसूर रबरी नळीचीच समजावी. ही नळी पुष्कळदा माणसांच्या हलगर्जीपणामुळेही बिघडते: पॅड बदलताना वजनदार कॅलिपर नळीवरच लोंबता सोडणे, किंवा ऑइल थांबवण्यासाठी नळी पकडीने चिमटणे, या वहिवाटी गॅरेजांतून हद्दपार झाल्या पाहिजेत.

बदलताना एका आसावरील दोन्ही नळ्या एकदमच बदलाव्यात, म्हणजे डाव्याउजव्या चाकांत तफावत राहत नाही. पोलादी नळीचा नट साध्या पान्याने गोल होऊन बसतो. त्यासाठी नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नटचा पाना वापरावा. कॅलिपरकडील पोकळ बोल्टाखालचे तांब्याचे दोन्ही वायसर नवेच घालावेत. नळीला पीळ बसू देऊ नये. अनेक नळ्यांवर लांबीच्या दिशेने रेघ छापलेली असते, ती सरळ राहिली की पीळ नाही असे समजावे. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून ते ताबडतोब पाण्याने धुवावे. हवा काढताना मास्टर सिलिंडरवरच्या डब्यातील ऑइल तळाला जाऊ देऊ नये; काढलेले ऑइल पुन्हा भरू नये, आणि नवे ऑइल सीलबंद डब्यातीलच घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. कोणत्या चाकापासून आरंभ करावा याचा क्रम गाडीगणिक निराळा असतो, आणि एबीएसच्या काही गाड्यांना त्यासाठी संगणकी यंत्रही लागते. तेथे गाडीच्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा मानावा.

घाट उतरण्याच्या बेतात असलेल्या प्रत्येक मालकास माझी विनंती आहे, की पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा चाके उतरवून या नळ्या समक्ष पाहाव्यात, बदलल्या असल्यास त्याची तारीख गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवावी, आणि ज्या नळीविषयी शंका येईल ती बदलल्याखेरीज गाडी घाटात नेऊ नये.