दारू सोडणाऱ्यांची सभा

केळीचे पैसे हाती आले की शपथ मोडते, हे आम्ही असीरगढात पुष्कळदा पाहिले. शपथेला सोबत हवी. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूच्या आहारी गेलेले, एकमेकांना सांभाळू लागले. तीच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'. सभेला फी नाही, आडनाव विचारीत नाहीत. दारू सोडायची इच्छा पुरे. बोलवत नसेल तर नुसते ऐकावे. कोणी पाहील अशी लाज वाटते. (गुत्त्यावर मात्र वाटत नाही!) जवळची सभा कोठे भरते ते बुऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद करू नये, झटके येऊन जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवावे. घरच्यांसाठी 'अल-अ‍ॅनॉन'च्या सभा वेगळ्या असतात. नवरा नको म्हणाला तरी बायकोने जावे.