‘माली अल्मेडा’ अर्धवट सोडलीत? पुन्हा उघडा!

शेहान करुणातिलक यांच्या ‘द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा’ला २०२२चं बुकर मिळालं. पण या कादंबरीचं आधीचं रूप २०२० मध्येच भारतात ‘चॅट्स विथ द डेड’ नावानं आलं होतं! परदेशी प्रकाशकांना श्रीलंकेचं राजकारण आणि तिथली भुताखेतांची दुनिया अवघड वाटली, म्हणून लेखकानं ती पुन्हा घडवली.

काळ १९९०, गाव कोलंबो. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाचे फोटो काढणारा माली शुद्धीवर येतो तो मेल्यानंतरच. परलोक म्हणजे रांगा आणि गोंधळानं भरलेली सरकारी कचेरी. हातात फक्त सात रात्री. तेवढ्यात आपल्याला कुणी मारलं ते शोधायचं आणि पलंगाखाली दडवलेल्या फोटोंपर्यंत जिवलगांना पोचवायचं.

वाचकांत सरळ दोन तट आहेत. एकांना ‘तू’ला उद्देशून केलेलं निवेदन आणि लढणाऱ्या संघटनांच्या नावांची गर्दी थकवते. दुसऱ्यांना त्यातला काळा विनोद आणि यादवीचा हिशेब मागणारी मृतांची गर्दी झोपू देत नाही.

मी दुसऱ्या तटातला. सुरुवातीचा गोंधळ मला हवासाच वाटतो, कारण नुकता मेलेला मालीही तितकाच गोंधळलेला आहे. शिवाय कादंबरीत भेटणारी प्रेतं, महाकाली ही मंडळी मराठी वाचकाला परकी नाहीत.

एक युक्ती: सुरुवातीलाच लढणाऱ्या गटांची यादी दिली आहे, तिथे खूण घालून ठेवा.

तुम्ही वाचलीत? कोणत्या तटात आहात?