ऑपरेशन तासांचं, ऐकणं शिकायचं वर्षांचं

औराद, भालकी, बसवकल्याणकडे मूल दोन वर्षांचं होऊनही बोललं नाही, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “त्याचा बापही उशिरा बोलला होता.” पण उशिरा बोलणाऱ्या बापाला लहानपणी ऐकू येत होतं! मूल बोलण्याची वाट पाहायची गरजच नाही. बेरा चाचणीत झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही श्रवणशक्ती कळते. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांनी तर अधिकच जागं राहावं. जन्मजात बहिरेपणाचे बरेच जनुकीय दोष आईबाप दोघांकडून आले तरच उमटतात, आणि जवळच्या नात्यात ती शक्यता वाढते.

बहिऱ्या मुलाला बसवतात ते कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे भारीतलं कानाचं मशीन, हाही गैरसमजच. मशीन आवाज मोठा करतं. आतल्या कानातल्या केसपेशीच निकामी असतील, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. इम्प्लांटची बारीक तार शंखासारख्या कॉक्लियात सरकवतात. तिच्यावरचे डझन-दोन डझन इलेक्ट्रोड थेट श्रवणनसेला संकेत देतात. मेंदूला हात लागत नाही. नसच नसेल, तर मात्र इम्प्लांट व्यर्थ.

“ऑपरेशन झालं, आता पोर बोलेल” हा समज सर्वांत महागात पडतो. यंत्र चालू होतं तेच काही आठवड्यांनी. त्यानंतर ऐकायला शिकवण्याची थेरपी चालते, काही महिने नव्हे, वर्षं. भाषा आल्यावर बहिरे झालेले प्रौढ लवकर सरावतात; जन्मापासून न ऐकलेल्या प्रौढाला लाभ बेताचाच.

कर्नाटकातल्या या सीमाभागात वेगळाच सल्ला मिळतो: घरची मराठी सोडा, पोराशी फक्त कन्नड बोला. इम्प्लांट बसवलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसत नाही. मोडक्या कन्नडपेक्षा आईची अस्खलित, भरपूर मराठी उपयोगाची. मुलाला नीट ऐकू येतंय का, हे पाहायच्या रोजच्या तपासणीचे सहा ध्वनीही दोन्ही भाषांत आहेत: आ, ई, ऊ, म, स, श.

खर्च लाखांत जातो, पण अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला राज्याची सीमा नाही. तिच्यातल्या इम्प्लांटचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांची. वाट पाहण्यात गेलेली दोन वर्षं त्यातूनच वजा होतात. शिवाय मोफत म्हणजे कायमचं मोफत नव्हे. वॉरंटी संपल्यावर आवाज टिपणाऱ्या बाहेरच्या प्रोसेसरची तुटलेली वायर, बॅटऱ्या, दुरुस्ती बहुधा घरच्यांच्याच खिशातून होते. ते पैसे नाहीत म्हणून प्रोसेसर कपाटात पडला, तर डोक्यातलं इम्प्लांट एकट्यानं काहीच ऐकवू शकत नाही. या खर्चाचं अर्ज भरतानाच विचारून घ्यावं.