रिठी गांवें आणि त्यांचीं कुरणें

सरकारी दप्तरांत आमच्या केळापूर तालुक्यांतील कित्येक गांवांच्या नांवापुढें कंसांत 'रिठ' असा शब्द लिहिलेला आढळतो. नोकरींत असतांना तो आम्हीं पुष्कळ वेळां लिहिला. ज्या मौज्यास नांव आहे, शिवार आहे, हद्दीचे दगड आहेत, सारा वसूल होतो, परंतु रात्रीं दिवा लागत नाहीं, तें रिठ. शेजारच्या गांवचे लोक तेथील जमीन वाहतात आणि सांज होतांच घरीं परततात.

गांवें अशीं कां उठलीं, ह्यास एकच कारण नाहीं. एप्रिल १८१८ मध्यें पांढरकवड्याजवळ दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा कर्नल ॲडम्सनें पराभव केला. अशा पळत्या फौजांच्या वाटेवर कोण नांदणार? १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांत माणसांआधीं चाऱ्यावांचून गुरें गेलीं. कोलामांचें तर, पोडांत रोगराई शिरली कीं सारें पोडच उठून दुसरीकडे वसे.

गांवठाणास आपण पांढरी म्हणतों व शेतास काळी. रिठाच्या पांढरींत पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण व पडक्या भिंतींची माती मुरलेली असते. म्हणून शेतकरी ती गाड्या भरून काळींत टाकतो. खत उत्तम, ह्यांत शंका नाहीं. मात्र जोतीं खणूं नयेत असें आमचें मत आहे. हद्दीचा तंटा लागला म्हणजे तींच साक्षीस उभीं राहतात.

अलीकडचें रिठ म्हणजे टिपेश्वर. टिपाई देवीच्या नांवाचें हें गांव. भोंवतीं रान व गवत. १९९७ सालीं केळापूर व घाटंजी तालुक्यांतील सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें, गांव त्याच्या पोटांत आलें, आणि पुढें पुनर्वसन होऊन घरें रिकामीं झालीं. आतां तेथें वाघ सुखानें नांदतो, हें चांगलेंच. तेथून २०१९ मध्यें निघालेला एक तरुण वाघ तेराशें किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेंत पोहोंचला. गळ्यांत पट्टा असल्यामुळें त्याचा एकेक मुक्काम नोंदला गेला. गाईच्या गळ्यांत घांट असते; तिची नोंद कोणत्याच दप्तरांत होत नाहीं.

चराईची गोष्ट जुनीच आहे. १८८६ च्या वऱ्हाडच्या जंगल कायद्यानें रानाचे तीन वर्ग पडले. पैकीं 'ब' वर्ग गवताच्या रमण्यांचा व 'क' गुरचराईचा. गांवच्या चराईची जमीन वेगळी; ती 'ई' वर्ग म्हणून नोंदलेली असते. ज्या गांवांत वस्ती आहे तेथें तिच्यावर शंभर डोळे असतात. रिठाच्या 'ई' वर्गास धनी नसतो. शेजाऱ्याचा नांगर दरवर्षीं एक तास आंत सरकतो, आणि दहा वर्षांनीं गुराखी गुरें घेऊन जातो तों पुढें कापूस उभा!

सबब ज्या सभासदांच्या शिवारास रिठ लागून आहे, त्यांनीं तलाठ्याकडून त्याच्या 'ई' वर्गाचे गट क्रमांक व क्षेत्र उतरवून घ्यावें. मोजणीचा अर्ज द्यावयाचा तर उन्हाळ्यांत द्यावा. पावसाळ्यांत गवत कमरेएवढें वाढतें, आणि हद्दीचा दगड सांपडत नाहीं.