मोटारचालकांची वैद्यकीय तपासणी

मालमोटार, टँकर इ. परिवहन वाहने चालवू इच्छिणारी व्यक्ती त्या कामास शारीरिक व मानसिक दृष्ट्या योग्य आहे की नाही, हे ठरविण्यासाठी नोंदणीकृत वैद्यकाने करावयाची तपासणी. भारतात तिला मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांचा आधार आहे. खाजगी वाहनाच्या तरुण अर्जदारास स्वतःच्या प्रकृतीविषयीचे प्रतिज्ञापन (नमुना १) पुरते. परिवहन वाहनासाठी वैद्यकाचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) आवश्यक असते. त्यामुळे वाहतूक कंपनीत प्रशिक्षणास येणाऱ्या नवोदितास सुकाणू हाती घेण्यापूर्वीच या तपासणीतून जावे लागते. त्याचे वय किमान २० वर्षे असावे लागते आणि हलके वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती त्याच्याकडे निदान एक वर्ष असावी लागते.

तपासणीत दृष्टीस अग्रस्थान आहे. चांगल्या उजेडात २५ मी. अंतरावरील वाहनाचा क्रमांक, गरज पडल्यास चष्मा लावून, वाचता आला पाहिजे. ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन एवढे अंतर सु. दीड सेकंदात तोडते. यावरून ही कसोटी किमान स्वरूपाची आहे, हे स्पष्ट होईल. रातांधळेपणा, ध्वनिसंकेत ऐकू न येण्याइतका बहिरेपणा, हातापायांतील व्यंग यांचीही नोंद होते. तांबडा व हिरवा रंग ओळखता न येणे पूर्वी सरसकट अपात्रता ठरे. २०२० मधील दुरुस्तीने सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना मुभा मिळाली, तीव्र रंगांधत्वावरील निर्बंध मात्र कायम राहिला. अपस्मार व अकस्मात येणारी बेशुद्धी किंवा घेरी हे दोष सर्वांत धोक्याचे होत. कारण एरवी धडधाकट दिसणाऱ्या चालकाचा वाहनावरील ताबा त्यांमुळे क्षणात सुटतो.

ठाणे जिल्ह्यात बदलापूरनजीकच्या खरवईसारख्या औद्योगिक क्षेत्रात, जेथे रासायनिक कारखाने आहेत, तेथे या तपासणीस विशेष महत्त्व येते. रसायनांचा टँकर उलटल्यास हानी चालकापुरती राहत नाही. रस्त्यालगतची वस्तीही तिच्या कक्षेत येते. धोकादायक माल नेणाऱ्या चालकास तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परिवहन अनुज्ञप्तीची मुदत पाच वर्षे, तर धोकादायक मालासाठी तीन वर्षे आहे. नूतनीकरणाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र पुन्हा द्यावे लागते.

मुदतीच्या मधल्या काळातही रोगामुळे वा व्यंगामुळे धारक अयोग्य झाल्याचे मानण्यास सबळ कारण असल्यास प्राधिकाऱ्यास अनुज्ञप्ती रद्द करता येते. अनुज्ञप्ती गेली की उपजीविका जाते, या भीतीने विकार लपविण्याकडे चालकाचा कल होऊ शकतो. शिवाय रक्तातील साखर किंवा निद्राविकार यांच्या स्वतंत्र चाचण्या नमुना १-अ मध्ये विहित नाहीत. वस्तुतः रात्रीच्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीत डुलकी व भोवळ हीच अपघातास कारण होऊ शकतात. तेव्हा वैद्यकाने प्रत्यक्ष तपासूनच स्वाक्षरी करणे आणि अपात्र ठरलेल्यास कंपनीने गोदाम, भरणी वा कार्यालय यांत अन्य काम देणे, या दोहोंवर तपासणीची परिणामकारकता अवलंबून असते.