माणेकचौकातल्या भाजीवाल्या आणि पालिकेची पावती

अहमदाबादच्या माणेकचौकात सकाळी भाजी, दिवसा सराफी आणि रात्री खाऊगल्ली असा तीन पाळ्यांचा बाजार भरतो. इथल्या भाजीवाल्यांची जागा सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे येते. सकाळी सावकाराकडून पन्नास रुपये उचलायचे आणि संध्याकाळी पंचावन्न फेडायचे, हा तिथला जुना हिशोब. पालिकेच्या लेखी मात्र त्या अतिक्रमणवाल्या होत्या. परवाना नाही म्हणून दंड; आणि दंड कितीदाही भरला तरी परवाना नाहीच.

इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभारली, तेव्हा कामगार खात्याला प्रश्न पडला की मालकच नाही, तर कामगार संघटना कसली? तरीही नोंदणी झाली. सावकारीवर उतारा म्हणून १९७४ मध्ये दहा-दहा रुपयांच्या भागभांडवलावर बायकांची सहकारी बँकही निघाली. जागेचा प्रश्न मात्र चिघळत राहिला. १९८० मध्ये पोलिसांनी चौकातून उठवले, तेव्हा बायका टोपल्या घेऊन आपापल्या जागी येऊन बसल्या आणि रहदारीही त्यांनीच सांभाळली. पुढे १९८२ मध्ये पालिका आणि पोलिसांविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परवान्यांची वाट मोकळी झाली.

परवान्याला एवढे महत्त्व का, हे बाजारात चार तास बसलेल्या बाईला विचारावे. मुतारी नाही म्हणून ती पाणी कमी पिते. पावसात भाजी सडते. कचऱ्याची गाडी येत नाही आणि घाणीचे खापर तिच्याच माथी फुटते. दंड भरणारीला यातले काही मागता येत नाही. परवान्यामुळे मिळणारी शुल्काची पावती असेल तर येते.

२०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नेमके हेच पकडले आहे. विक्रेत्याने नागरी सुविधांसाठी देखभाल शुल्क भरायचे. हटवण्याआधी तीस दिवसांची नोटीस हवी आणि जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळायला हवा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. अध्यक्षपदी मात्र पालिका आयुक्तच बसतात, त्यामुळे विक्रेत्यांना बहुमत जुळवणे सोपे नाही. शिवाय समिती बनेल तेव्हा ना! मुंबईत समितीतल्या विक्रेत्यांच्या जागांसाठी मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला.